तुटक रेषेचा नियम

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण प्रा. शालिनी टाकळकर यांचे आहे. फौजेत मी जे काही नीट केले, त्याचे मूळ त्यांच्या भूगोलाच्या वर्गात आहे. म्हणून सीमेवरच्या त्या दिवसाची हकीकत सांगण्याआधी मॅडमविषयी सांगतो.

आमच्या भागातून नकाशाशास्त्र शिकलेल्या त्या पहिल्या बाई. छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात रुजू झाल्या तेव्हा विभागात भिंतीवरचा एक फाटका नकाशा आणि आस मोडलेला पृथ्वीगोल होता, असे त्या हसत सांगत. जिल्ह्याचे नकाशे होते, पण त्यांत सडका आणि रेल्वे होती. झरे, बारवा, पाणंदी नव्हत्या. मॅडमनी ते काम हाती घेतले. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन त्या फुलंब्रीपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पायी फिरत. शहराच्या जुन्या नहरी जमिनीखालून कुठून कुठे जातात, हे त्यांनी कागदावर आणले. पुढे तालुक्यांचा मराठी नकाशासंग्रह काढला. आजही गावात विहिरीची जागा ठरवायची असली की तो उघडला जातो. त्यांचे विद्यार्थी भूमी अभिलेखात आहेत, पाटबंधारे खात्यात आहेत, शाळाशाळांत भूगोल शिकवतात. मी तोफखान्यात गेलो.

मॅडमचा एक नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सलग रेषेने काढायचे. ऐकलेले, अंदाजाचे किंवा दुसऱ्या नकाशावरून उतरवलेले तुटक रेषेने. सांगणारा कोणीही असो.

हा नियम मी प्रथम पाहिला तो आमच्याच शिवारात. पहिल्या वर्षानंतर वडील माझे शिक्षण थांबवणार होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. नकाशे काढून पोट भरते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. मॅडम फुलंब्री तालुक्यात पाहणीला आल्या, तेव्हा आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, गावाची शीव दाखवता का?" दिवसभर दोघे हिंडले. मी मोजणीची साखळी ओढत मागे होतो. ओढ्याच्या वळणावर बाभळीची दाट काटवण होती. मॅडम तिथे थांबल्या आणि पुढचा ओढा त्यांनी तुटक काढला.

वडील वाकून म्हणाले, "अहो बाई, तिथंबी वढाच हाय. काढा की सरळ."

"मी पाहिला नाही ना, दादा."

"मी सांगतो की! जन्म गेला माझा इथं."

"म्हणून तर तुटक काढला. नाहीतर काढलाच नसता."

"लई हट्टी बाई हायेस," वडील म्हणाले. पण ते हसत होते. दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. वडिलांनी पहाटेच कोयत्याने काटवणीत वाट पाडून ठेवली होती. रेष सलग झाली. त्या संध्याकाळी वडील मला एवढेच बोलले, "जा त्या बाईकडं. खोटं शिकवायची नाय ती."

मी पदवी घेतली आणि सैन्यात भरती झालो. भूगोल पाहून मला तोफखान्यात सर्व्हेच्या कामाला घेतले. पुढे हवालदार झालो आणि ओपी असिस्टंट म्हणून उत्तरेच्या सीमेवरच्या एका कड्यावर माझी नेमणूक झाली. ओपी म्हणजे निरीक्षण चौकी. तोफा मागे खोऱ्यात असतात, त्यांना लक्ष्य दिसत नाही. ओपी पाहते, ग्रिड म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे सांगते, आणि त्या आकड्यांवर तोफा चालतात. आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो.

ओपीवर आम्ही तिघे होतो. कॅप्टन राणा, मी आणि रेडिओ ऑपरेटर लान्स नायक अस्लम पठाण. अस्लम सिल्लोडचा. घरी आई एकटी. रेडिओचा जड सेट पाठीवर घेऊनही त्याची बडबड थांबत नसे.

माझा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे दुर्बिणीतून समोरचा प्रदेश तपासायचा, हवामान कळवायचे, स्केच अद्ययावत करायचे. आधीच्या तुकडीने एक स्केच मागे ठेवले होते. मी ते पुन्हा काढले, मॅडमच्या पद्धतीने. आमच्या कड्याखालून एक नाला दक्षिणेला उतरत होता. जुन्या स्केचवर तो शेवटपर्यंत सरळ आणि सलग होता. पण खालचा अर्धा भाग ओपीवरून दिसतच नव्हता. मी तो तुटक काढला.

कॅप्टन साहेबांनी पाहिले. "हवालदार, ये क्या सिलाई कर रखी है?"

"सर, देखा नहीं है, इसलिए."

अस्लम स्टोव्हपाशी होता. "साहब, ये हमारे मास्टर हैं. इनको सिल्लोडच्या बाजाराचा नकाशा काढायला सांगा. निम्मी दुकानं तुटक येतील, उधारीमुळं तिकडं फिरकतच नाहीत!"

तो मला मास्तर म्हणू लागला तो तेव्हापासून.

त्या दिवशी सकाळपासून धुके होते. पायदळाची एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, सकाळी नाल्यात उतरली होती. दुपारी धुके वर सरकले आणि समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून, म्हणजे स्परवरून, मशीनगन सुरू झाली. पेट्रोल कमांडरचा आवाज रेडिओवर आला.

"नाले में हूँ, दूसरे मोड़ के नीचे. सामने स्पर से फायर. स्पर की जड़ पर फायर दो. ओव्हर."

मी ग्रिड काढले. गन पोझिशनवरून "रेडी" आले. जुन्या स्केचप्रमाणे पेट्रोल सोंडेच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतरावर होती. कॅप्टन साहेबांनी हँडसेट तोंडाजवळ नेला.

मी म्हणालो, "सर, दूसरे मोड़ के नीचे लाइन टूटी है."

"पुराने में तो सीधा है."

"किसने देखके बनाया, मालूम नहीं. नाला स्पर की तरफ मुड़ा होगा, तो अपने आदमी उसी जड़ में हैं."

साहेबांनी स्केचकडे पाहिले. मग हँडसेटमध्ये म्हणाले, "वेट, आउट."

लगेच उत्तर आले. "किस बात का वेट? इधर गोली आ रही है!"

तो ओरडत होता आणि त्याचे बरोबर होते. आमचा प्रत्येक क्षण त्याच्या माणसांच्या जिवावर जात होता.

"कहाँ से दिखेगा?" साहेबांनी मला विचारले.

"आगे की चट्टान से, सर. वहाँ आड़ कम है."

"जाओ."

मी दुर्बीण घेतली. अस्लमला कोणी काही सांगितले नव्हते. त्याने सेट पाठीवर चढवला होता. "चला मास्तर. आज सिलाई पक्की करू."

आम्ही सरपटत खडकापर्यंत गेलो. तिथून नाला दिसला. तो दुसऱ्या वळणानंतर डावीकडे वळून थेट सोंडेच्या पायथ्याशी जात होता. आपली माणसे तिथेच दगडांच्या आडोशाला पडून होती. मशीनगन वर होती, सोंडेच्या माथ्याजवळ. धुक्यात उतरलेल्या कमांडरला ती पायथ्याशी वाटली होती, आणि आपणच पायथ्याशी आहोत हे त्याला कळले नव्हते. मी नवे ग्रिड सांगू लागलो, पण खडकाआड सिग्नल तुटत होता.

अस्लम गुडघ्यांवर उठला. एरियल खडकाच्या वर गेली. "आता जातंय का?"

"जातंय. खाली हो थोडा."

"खाली झालो की तुटतंय. तुम्ही बोला लवकर."

मी बोललो. तोफांकडून आले, "शॉट, ओव्हर." पहिला गोळा माथ्यापलीकडे पडला. मी दुरुस्ती सांगत असताना सोंडेवरून एक फैर आमच्याकडे आली. अस्लम एका कुशीवर कलला. एरियल पडू नये म्हणून त्याने सेट खडकाला टेकवून धरला. हँडसेटची वायर ताणली गेली होती. ती त्याने माझ्याकडे सैल केली.

मी दुरुस्ती पूर्ण सांगितली. पुढचे गोळे माथ्यावर पडले. मशीनगन थांबली. पेट्रोल नाल्यातून वर आली, जखमींसह सगळे. अस्लमला आम्ही ओपीवर आणले तेव्हा तो गेलेला होता.

संध्याकाळी पेट्रोल कमांडर कड्यावर आला. दुपारी रेडिओवर ओरडणारा तो हाच. अस्लमसमोर टोपी काढून उभा राहिला. मग मला म्हणाला, "वेट नहीं बोलते, तो हम नहीं होते." कॅप्टन साहेबांनी माझे स्केच मागून घेतले, नाल्याचे वळण स्वतःच्या हाताने सलग काढले आणि ते प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे शेजारी लिहिली. पहिले नाव अस्लमचे लिहिले.

आज मी निवृत्त आहे. शाळांमध्ये बोलवतात तेव्हा हा प्रसंग सांगतो आणि मॅडमचे नाव घेतो. त्या नाल्यातून परतलेल्यांपैकी कोणी मॅडमना ओळखत नाही. मी ओळखतो. अस्लमच्या घरी जाऊन आल्यावर मी त्यांना जे पत्र पाठवले, ते इथे देतो.

आदरणीय मॅडम,

सा. न. मी सुट्टीवर आलो आहे. काल सिल्लोडला अस्लमच्या अम्मींना भेटलो. त्या रडल्या नाहीत. चहा दिला, माझ्या मुलांची नावे विचारली. मग म्हणाल्या, "बेटा, वो जगह कैसी थी? अपने अजिंठे के घाट सरीखी?" मी म्हणालो, "उससे ऊँची, अम्मी." त्या म्हणाल्या, "कित्ती?" मीटर सांगून उपयोग नव्हता. तिथला नकाशा मी कोणाला दाखवू शकत नाही, आणि अम्मींना नकाशा वाचता येत नाही.

तुम्ही शाळेतल्या मुलांसाठी मातीचे डोंगर करता. एक माझ्यासाठी कराल का? त्यावर नाव, खूण, दिशा काही नको. साधा उंच डोंगर हवा, आणि माथ्याच्या खाली हाताला लागेल असा एक खडक. त्याच्या शेजारी, त्याच प्रमाणात, आपला अजिंठ्याचा घाटही करा. अम्मींनी आयुष्यात त्याहून उंच काही पाहिलेले नाही.

रविवारी मी त्यांना घेऊन तुमच्याकडे येतो. त्या एक हात घाटावर ठेवतील आणि एक त्या खडकावर. आपला मुलगा किती वर गेला होता, ते त्यांना कळेल.

आपला विद्यार्थी,
भानुदास गाडेकर