शून्य लाकडाचं गाव

“बेळगुंदी. लाकूड शून्य,” साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

मी त्यांना मागच्या स्लाइडवर आणलं. सर्व्हेला मी स्वतः गेलो होतो. घरटी गॅस आहे, हे खरं. घरटी परड्यात लाकडांची रास आहे, हेही खरं.

“कुंपणासाठी ठेवली असतील,” साहेब म्हणाले.

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत देशाला किती ऊर्जा लागेल आणि धूर किती कमी करता येईल, याचा आराखडा दिल्लीत होतो. त्याला लागणारे आमच्या भागातले आकडे मी गोळा करतो. आज काय किती जळतं, त्याला बेसलाइन म्हणतात. पुढचं सगळं गणित तिच्यावर. ती चुकली की पन्नास वर्षं चुकली.

इथं तर नुकसान लगेच होणार होतं. गावांना पाणी तापवायचे सोलर हीटर देण्याचा प्रस्ताव त्याच आराखड्यात होता. लाकूड शून्य, तर बेळगुंदी बाहेर. जिथं धूरच नाही, तिथं तो कमी करायला कोण येणार?

मी बेळगुंदीतल्या शांताक्कांकडं गेलो. त्या रोज पहाटे घरभराचं पाणी तापवतात आणि दिवसभर खोकतात.

“आक्का, सर्व्हेत नुसता गॅस का सांगितलात?”

“जेवान कशावर करतासा, म्हणून इचारलासा. गॅसवरच करतो की! आंघुळीचं कोण इचारलं?”

खरंच, दिल्लीच्या प्रश्नावलीत अंघोळ नव्हतीच.

हे मेलवर कळवलं असतं, तर साहेबांनी ‘नोटेड’ म्हटलं असतं. म्हणून मी लिहिलं, ‘धूरमुक्त’ गावाचे फोटो काढायला या. शब्द अवतरणचिन्हात टाकला. खोटं मी लिहीत नाही.

साहेब बेंगळुरूहून बसनं थंडीत, पहाटेच उतरले. हॉटेलवर न नेता मी त्यांना थेट बेळगुंदीला घेऊन निघालो.

“अहो, पण अंघोळ?”

“गावात सोय आहे, सर.”

शांताक्कांच्या न्हाणीच्या भिंतीत हंडा बसवलेला आहे. पाणी आतून काढायचं, जाळ बाहेरून घालायचा. साहेब आत गेले ते बाहेर येईनात.

“साहेब, आणि एक बादली घ्या की! लई थंडी हाय,” आक्का लाकूड सारत ओरडल्या.

“वा! आमच्या गीझरला याची सर नाही!” आतून आवाज आला.

“मग आणि एक घ्या!”

शेवटी साहेब लालबुंद होऊन निघाले, आभार मानायला भिंतीच्या मागं आले आणि धूर सरळ डोळ्यांत गेला. शेजारी आक्का खोकत होत्या.

मी पेन काढलं. “सर, हे पाणी कुठल्या रकान्यात लिहू?”

साहेब डोळे चोळत म्हणाले, “यासाठी आणलंत होय मला?”

“फोटोसाठी आणलं, सर. काढू?”

“आधी च्या घ्या,” आक्का म्हणाल्या. “च्या गॅसवरचा हाय.”

प्रश्नावलीत अंघोळीचा एक प्रश्न वाढला. मी घरोघरी पुन्हा फिरलो. बेळगुंदी प्रस्तावात राहिली. दिल्लीहून साहेबांना विचारणा झाली, “इतक्यात लाकूड एवढं वाढलं कसं?”

“विचारलं म्हणून वाढलं,” साहेबांनी कळवलं.

आक्कांच्या छपरावर आता सोलर आहे. खोकला कमी झालाय. पावसाळ्यात मात्र हंडा तापतोच, आणि तेवढं लाकूड मी नोंदवतो. शून्य हा लिहायला सगळ्यात सोपा आकडा. म्हणून मी तो सगळ्यात शेवटी लिहितो.