थोरल्याचा चाकू

उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे 'तपासनीस' म्हणतात. गच्चीवरून दोर सोडण्याआधी तो प्रत्येक गाठ तीनदा ओढून बघतो. मग खिशातून घडीचा चाकू काढतो, अंगठ्याने पातं उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. "तपासनीससाहेब, चाकूची हजेरी झाली असेल तर भिंतीकडे वळू या का?" असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे हसतात. तो हसत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. याचं कशाने पोळलं, ते टोळीत कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी हाच माणूस टोळीतला सगळ्यात बेफिकीर गडी होता. ब्रश धुवायचा कंटाळा, डब्यांची झाकणं उघडी, शिडी जिथे वापरली तिथेच. मागून आवरत फिरायचा तो त्याचा थोरला भाऊ. थोरल्याचं सगळं उलटं. दर रविवारी तो जमिनीवर कापड अंथरून हत्यारं पुसायला बसायचा, आणि बापाकडून आलेल्या त्या घडीच्या चाकूला तर तेलाचा थेंब देऊन कानाशी धरायचा. पातं मिटताना 'टक्' असा आवाज आला की त्याचा रविवार संपायचा.

थोरला गेला तो एका गुरुवारी. नवव्या मजल्यासमोर तो फळीच्या पाळण्यावर बसून रंग देत होता. वारा सुटला, पाळणा फिरला आणि वर गच्चीला बांधलेली रंगाच्या बादलीची दोरी त्याच्या छातीला आणि गळ्याला वेढली. बादली खाली खिडकीच्या छज्ज्यात अडकली होती. गच्चीवरच्यांना वाटलं, हा खाली सोडा म्हणून हात हलवतोय. त्यांनी पाळणा सोडला आणि दोरी आणखी आवळली. बोटाएवढी दोरी ती, एका घावात तुटली असती. त्याला वर ओढून घेतलं तेव्हा चाकू त्याच्या मुठीत होता, मिटलेला. अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं होतं.

"हत्यार गंजवलं आणि जीव घालवला," असं मुकादम भेटायला आला तेव्हा म्हणाला. थोरल्याची बायको घरी मशीनवर कपडे शिवायची. ती त्या दिवशी रडायची थांबली. "माझा माणूस हत्यार गंजवणारा नव्हता," ती म्हणाली. त्यानंतर वर्षभर ती हेच वाक्य ज्याला त्याला ऐकवत राहिली, शेजारणीला, गिऱ्हाइकाला, प्रसंगी अंगावर धावून जाऊन. थोरल्याची हत्यारांची पिशवी तिने दाराजवळच्या खुंटीवरून हलवली नाही.

मग एका संध्याकाळी तिने तो चाकू धाकट्यासमोर ठेवला. वर्षभरात मुठीवरच्या पितळेला हिरवट काळपटपणा आला होता, कडांना गंज चढला होता.

"भाऊजी, मामंजींचा चाकू आता तुमचा. पण आधी तो उघडा. का उघडला नाही, ते मला कळलं पाहिजे. आणि इथेच करायचं, माझ्यासमोर."

धाकट्याला त्या गुरुवारच्या आधीचा सोमवार आठवला. खरं तर वर्षभरात एक दिवसही तो विसरला नव्हता. एका शाळेच्या खिडक्यांच्या गजांना तो हिरवा ऑइलपेंट देत होता. डब्यांची झाकणं निघेनात म्हणून त्याने थोरल्याचा चाकू मागून घेतला होता. दिवसभर त्याच पात्याने झाकणं उचकटली, रंगसुद्धा ढवळला. संध्याकाळी वरवर फडकं फिरवलं, घडी घातली आणि परत दिला. "पुसलास ना?" थोरल्याने विचारलं होतं. "पुसला रे बाबा!" धाकटा म्हणाला होता. धाकट्याने पुसला म्हटल्यावर थोरला कशाला उघडून बघतोय? आणि तेल द्यायचा रविवार त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला आलाच नाही.

तर काम सुरू झालं. रोज काम सुटल्यावर धाकटा वहिनीच्या टेबलाशी बसायचा. पहिले दोन दिवस चाकू रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. मग पॉलिश पेपरने पितळ घासलं, मुठीचं लाकूड साफ केलं, खिळ्याशी मशीनचं तेल सोडलं. पात्याला मात्र तो फार हळू हात लावायचा. हा माणूस चाकू उघडायला बसलाय की मिटलेला ठेवायला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चोराच्या मनात चांदणं. वहिनी नुसती दोरा तोडायला वाकली तरी त्याचा हात थांबायचा. हिला कळलं तर? बाप गेल्यापासून तो याच घरात जेवला होता. हे दार बंद झालं तर जाणार कुठे?

पाचव्या दिवशी वहिनीनेच तोडगा काढला. "कपड्यावर काही चिकटून बसलं की मी इस्त्री लावते. याला ऊब देऊन बघा." तिने इस्त्री तापवली. धाकट्याला नाही म्हणता येईना. त्याने कापडात गुंडाळलेला चाकू इस्त्रीखाली धरला, मग नख लावलं. पातं हललं. थोडं अडलं, आणि उघडलं.

आत गंज नव्हताच. पातं लख्ख होतं. मुठीच्या खाचेत आणि खिळ्याभोवती मात्र हिरवा रंग दगडासारखा बसला होता. वहिनीने पुढे केलेल्या सुईने त्याने तो कोरला. एक तुकडा सुटून टेबलावर पडला आणि त्याने पटकन त्यावर अंगठा ठेवला.

"काय निघालं?"

"गंज," तो म्हणाला.

उरलेलं त्याने मांडीवर, तिच्या नजरेआड, घाईघाईने साफ केलं आणि चाकू तिच्या हातात दिला. तिने उघडला, मिटला. टक्. पुन्हा उघडला. आठ-दहा वेळा तिने तसं केलं आणि दर वेळी तिचा चेहरा उतरत गेला.

"इतकं सोपं होतं? थेंबभर तेल? म्हणजे मुकादम खरं बोलत होता. आणि मी मूर्ख, वर्षभर लोकांशी भांडत फिरले." ती उठली, दाराजवळच्या खुंटीवरून हत्यारांची पिशवी काढली आणि टेबलाखाली ढकलून दिली. "घेऊन जा ही. उगाच मिरवत बसले होते." मग पाठ फिरवून ती मशीन चालवायला लागली.

धाकटा चपला घालून दारापर्यंत गेला. सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण मोकळी खुंटी डोळ्यांसमोर होती. तो मागे वळला. अंगठ्याला चिकटलेला हिरवा तुकडा त्याने मशीनच्या सुईपुढे, पांढऱ्या कापडावर ठेवला.

"गंज नव्हता, वहिनी. हा ऑइलपेंट. शाळेच्या खिडक्यांचा. सोमवारी चाकू मी नेला होता."

मशीन थांबलं. तिने तो तुकडा नखाने उलटून पाहिला.

"त्यांनी विचारलं होतं तुम्हाला? पुसला का म्हणून?"

"हो."

"आणि?"

"पुसला म्हणालो."

ती ओरडेल, हाकलून देईल, काहीतरी फेकून मारेल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ती खाली वाकली, टेबलाखालची पिशवी ओढून काढली, झटकली आणि होती त्या खुंटीला लावली. मग चाकू मिटून त्याच्यापुढे धरला.

"उद्या कितव्या मजल्यावर आहात?"

"अकराव्या."

"हा खिशात ठेवायचा. आणि संध्याकाळी इथे येऊन मला उघडून दाखवायचा. रोज."

तेव्हापासून तो रोज जातो. चहा विचारला जात नाही, खुर्ची पुढे केली जात नाही. दारातच तो चाकू उघडतो. वहिनी मशीनवरची सुई घेते, मुठीच्या खाचेतून फिरवते आणि सुईचं टोक उजेडात धरून बघते. तेवढ्या वेळात त्याला अकरावा मजला बरा वाटतो. सुई कोरी निघाली की ती एवढंच म्हणते, "पुसलाय." मग तो घरी जातो.