सोपानचा अंगठा

भट्टीवर काम करणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, अंगावरचे डाग आणि किस्से! चिंचवडच्या आमच्या फाउंड्रीतले माझे सगळे किस्से फिरून फिरून सोपानवर येतात. आम्ही जोडीदार. वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लॅडल, दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि साच्यात ओतायची. एकाचा हात हलला की दुसऱ्याचे पाय गेले!

* * *

सोपान मोशीचा. ऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या पायाचा अंगठा असा सुजला की सेफ्टी शूज चढेना. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "युरिक ॲसिड वाढलंय. पाणी भरपूर प्या."

आमच्यात सल्लागारांना काय तोटा! कुणीतरी वर सांगितलं, "मीठ बंद कर." घामावाटे मीठ जातं म्हणून भट्टीशेजारी मिठाच्या पाण्याचं पिंप ठेवलेलं असायचं. सोपाननं ते सोडलं. घरून साध्या पाण्याचा कॅन आणायचा आणि दिवसभर घटाघटा प्यायचा. भाकरीसुद्धा अळणी!

* * *

पुढच्या तपासणीत युरिक ॲसिड एकदम खाली! सोपाननं कँटीनमध्ये पेढे वाटले.

"गोळी न्हाई, सुई न्हाई. निस्तं पाणी!"

मला त्यानं लगेच दुसरा पेढा दिला. पहिला दिल्याचं त्याला आठवतच नव्हतं. आम्ही खूप हसलो.

* * *

त्याच आठवड्यात आम्ही भरलेली लॅडल उचलली. साच्यापाशी सोपान थांबला आणि माझ्याकडे बघून गोड हसला.

"भाऊ, हे कुठं न्यायचं हाय?"

मी माझी बाजू घट्ट धरली. मध्ये लालभडक लोखंड आणि समोर हा असा! ओरडलो असतो तर तो दचकला असता.

"माझ्याबरोबर चल राव," मी हळूच म्हणालो.

कसंबसं ओतलं. लॅडल खाली टेकली आणि सोपान आकडी येऊन कोसळला.

* * *

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तो पेढ्यांचा रिपोर्ट मागितला.

"रक्तात पाणी फार झालंय, सोडियम पार उतरलंय. अशा वेळी मूत्रपिंडं युरिक ॲसिडही लघवीतून सोडून देतात. ते उतरलं ते आजार बरा झाला म्हणून नाही. सोडियम सावरलं की तेही परत चढेल."

"वाचतील ना?" सोपानच्या बायकोनं, हिरावहिनींनी विचारलं.

"सोडियम हळूहळूच वाढवावं लागेल. घाई केली तर मेंदूला धोका."

मी बाहेर बाकावर बसलो. इतकी भीती मला भट्टीचीही कधी वाटली नव्हती.

* * *

मग एका सकाळी वॉर्डातून सोपानची बोंब ऐकू आली. मी धावत आत गेलो. त्याचा अंगठा पुन्हा लालबुंद सुजलेला! पायाशी हिरावहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"वहिनी, काय झालं?"

"लई दुखतंय म्हणत्यात!" त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून पुडा काढून माझ्यापुढे धरला. "घ्या भाऊजी, पेढा घ्या!"