पाण्याच्या दिवशीची मोजणी

संस्थेने काढलेल्या स्मरणिकेत माझ्याविषयी साडेचार ओळी आहेत. त्यांतली माझी पदवी अचूक छापली आहे. उरलेला मजकूर मला मान्य नाही. ‘लातूरच्या ज्येष्ठांची व्यथा मांडताना सरांचे डोळे भरून आले, सभागृह हेलावले आणि त्याच क्षणी केंद्राचा निर्णय झाला,’ असे तिथे म्हटले आहे. मुलाने पुण्याहून फोन केला तेव्हा मी त्याला हे वाचून दाखवले. “बाबा, चांगलंच लिहिलंय की,” तो म्हणाला. “कशाला वाद घालता?”

वाद अशासाठी, की मी नांदेडच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आणि प्रत्येक वर्गाला एक गोष्ट बजावून सांगितली: मोजणाऱ्याचे डोळे भरून आले, तर मोजणी पुन्हा करावी. माझ्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे निर्णय झाला असेल, तर मी अभ्यास केला नाही, नाटक केले. हे मी ऐकून घेणार नाही. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

लातूरच्या या धर्मादाय संस्थेकडे एक रिकामे सभागृह होते. तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र काढावे, असे काही विश्वस्तांना वाटत होते. मुळात अशी माणसे शहरात आहेत तरी किती, असे सचिवांचे म्हणणे होते. हे सचिव बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कागदावाचून पाऊल न टाकणारे गृहस्थ. त्यांचा हा स्वभाव मला आवडला, आजही आवडतो. लातूरच्या महाविद्यालयात विभागप्रमुख असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने माझे नाव सुचवले आणि मी काम घेतले. पत्नी गेल्यापासून माझ्याकडे वेळ होता, हे खरे आहे. पण वेळ होता म्हणून मी काम घेतले, हे खरे नाही. काम नीट होणे आवश्यक होते आणि ते नीट करणारा दुसरा कोणी मला दिसत नव्हता.

प्रश्नावली मी तयार केली. गल्ल्यांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली; त्या गल्ल्यांतली घरे हा आमचा नमुना. घरोघर जाण्यासाठी विभागप्रमुखांनी संख्याशास्त्राच्या चार विद्यार्थिनी दिल्या. चौघीही लातूरच्या, चटपटीत, अक्षर सुरेख. तीन आठवड्यांत त्यांनी भरलेले अर्ज नांदेडला माझ्या टेबलावर आले. मी ते चाळले आणि खूश झालो. बंद दार, उत्तर नाही, घरी कोणी नाही, असा शेरा जवळजवळ कुठेच नव्हता. सर्वेक्षणात इतकी दारे उघडी मिळणे हे मी कधी पाहिले नव्हते. मी फोन करून मुलींचे कौतुकही केले.

इथेच मी थांबायला हवे होते. जे कधी पाहिले नाही ते दिसले, तर संख्याशास्त्रज्ञाने आधी संशय घ्यावा, आनंद नंतर. मी क्रम उलटा केला.

अर्जांतून निघालेला निष्कर्ष सरळ होता. वृद्ध माणसे बहुतांशी भरल्या घरात राहत होती. मुलगा, सून, लेक, जावई, नातवंडे. एकटे असे फारच थोडे. विश्वस्तांची बैठक तोंडावर आली होती, म्हणून मी प्राथमिक अहवाल पाठवून दिला. खाली शिफारस लिहिली: स्वतंत्र केंद्राची तूर्त गरज दिसत नाही. सही केली. सचिवांचा फोन आला, “सर, एकदम मोजकं आन् नेमकं लिहिलंत.” मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

आता विभागप्रमुख आपल्या भाषणांतून सांगतात की मुलींकडून चूक झाली आणि सरांच्या तीक्ष्ण नजरेने ती पकडली. यातली दोन्ही विधाने असत्य आहेत. मुलींची चूक नव्हती आणि माझी नजर तीक्ष्ण नव्हती. झाले ते असे.

भरलेल्या अर्जांपैकी काही घरांना मुख्य माणसाने स्वतः पुन्हा भेट द्यावी, हा आमच्या कामाचा नियम. ती भेट अहवालाच्या आधी द्यायची असते. घाईत मी ती मागे ठेवली आणि अहवाल गेल्यावर, केवळ नियम मोडू नये म्हणून, सकाळच्या एसटीने लातूरला गेलो. पहिल्याच गल्लीत सात दारे वाजवली. चारांना कुलूप होते. दोन घरांतून कोणी आले नाही. सातवे दार बऱ्याच वेळाने उघडले. माझ्याच वयाच्या एक बाई चौकट धरून उभ्या राहिल्या. माझ्या हातातल्या अर्जावर त्यांच्या घरात पाच माणसे होती.

“बाकीचे कामावर गेले का?” मी विचारले.

“कोण बाकीचे?”

“अर्जावर पाच जण लिहिलेत. लेक, जावई, दोन नातवंडे.”

“ते व्हय!” त्या हसल्या. “ते पाण्याच्या दिवशी. नळाला पानी यायच्या दिवशी येतेत समदे. टाकी भरतेत, घागरी भरतेत, च्या पितेत आन् जातेत. तुमच्या पोरी बी त्याच दिवशी आल्या हुत्या.”

लातूरच्या गल्ल्यांना नळाचे पाणी पाळीपाळीने, काही दिवसांच्या अंतराने मिळते. ज्या दिवशी गल्लीची पाळी, त्या दिवशी कोणीही घर सोडत नाही. उलट बाहेर राहणारी लेकरे म्हाताऱ्यांचे पाणी भरायला येतात. मुलींना हे जन्मापासून ठाऊक. माणसे घरी भेटावीत म्हणून त्यांनी पाळीचे वेळापत्रक मिळवले आणि बरोबर त्या त्या दिवशी त्या त्या गल्लीत गेल्या. ‘कोणत्या दिवशी गेलात?’ हे मी विचारलेच नाही. नांदेडला गोदावरीच्या काठी बसून प्रश्नावली करणाऱ्या माणसाला तो प्रश्न सुचला नाही. मुलींनी दार उघडे मिळवले. दार कोणत्या दिवशी उघडे असते, हे पाहणे माझे काम होते. विभागप्रमुखांनी यापुढे भाषणात तेवढे दुरुस्त करावे.

मी त्या बाईंना विचारले, “म्हणजे तुम्ही एकट्या राहता?”

“एकटी कशाला? लेक हाय की गावात.” मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. “तुमच्या घरी कोन हाय?”

“मुलगा पुण्याला असतो,” मी म्हणालो.

“बघा. मग लिवा तुमच्या बी कागदावर पाच मानसं!”

त्यांनी मला पाणी दिले. तांब्या जपून ओतला, फुलपात्र काठोकाठ भरले नाही. मी ते संपवले आणि तिथून निघालो. बसस्थानकावर बसून सगळे अर्ज काढले, मुलींकडून फोनवर पाळीचे वेळापत्रक विचारून घेतले आणि प्रत्येक अर्जावरची तारीख त्या गल्लीच्या पाळीशी ताडून पाहिली. तारखा तंतोतंत जुळत होत्या. इतके निर्दोष चुकलेले काम मी आयुष्यात दुसरे पाहिलेले नाही.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. त्याच घरांना मुलींबरोबर कोरड्या दिवशी, म्हणजे पाण्याची पाळी नसताना, पुन्हा भेटी दिल्या. कुलूप असेल तिथे दार उघडे मिळेपर्यंत फेऱ्या मारल्या. आणि प्रश्न बदलला. ‘तुम्ही एकटे राहता का?’ या प्रश्नाला कोणीही सरळ होय म्हणत नाही, हे सातव्या दारात कळले होते. त्याऐवजी विचारायचे ठरवले: काल संध्याकाळी जेवताना घरात आणखी कोण होते? या प्रश्नाला लोक अडखळत. मग खरे सांगत. एक निवृत्त शिक्षक बराच वेळ आठवल्यासारखे करून म्हणाले, “टीव्ही लावला होता.” बरोबरच्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हणालो, “कोणी नाही, असे लिही.” ती लिहीपर्यंत ते गृहस्थ वहीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “लिहिलं का?”

नवा तक्ता दोन रकान्यांचा झाला. पहिला पाण्याच्या दिवसाचा, दुसरा कोरड्या दिवसाचा. घरे तीच, म्हातारी माणसे तीच. पहिल्या रकान्यात घरे भरलेली होती. दुसऱ्यात निम्म्याहून अधिक घरांत एकच ताट होते. शिफारशी अशा: केंद्र काढावे, ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असावे, दिवसाकाठी निदान एक जेवण तिथे एकत्र व्हावे, आणि त्याच्या पाटीवर वृद्ध, एकाकी, आधार यांतला एकही शब्द नसावा. तसल्या पाटीखालून आत जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

माझ्या विनंतीवरून पुढे ढकललेल्या बैठकीत मी उभा राहिलो आणि आधी माझी चूक सांगितली. स्मरणिकेत याचा उल्लेख नाही. माझ्या आयुष्यात सहीचा कागद परत घ्यायची ती पहिली वेळ. तेव्हा माझ्या बाजूने कोणी एक शब्द बोलले नाही, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. सचिवांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले.

“सर, ह्या कागदावर तुमचीच सही हाय. आन् ह्या पण कागदावर तुमचीच. आम्ही कोणत्या सहीला मानावं?”

“दुसऱ्या.”

“का?”

“कारण दुसरी करण्यासाठी मला पहिली मोडावी लागली.”

सचिव गप्प बसणारे नव्हते. “राग मानू नका सर, पण स्पष्ट बोलतो. मॅडम गेल्यापासून तुम्ही एकटे असता. माणसाला आपलं दुखणं जगात दिसून राहिलंय, असं तर नाही ना? तुमचाच प्रश्न तुम्हाला विचारतो. काल जेवताना घरात कोण होतं?”

मी म्हणालो, “कोणीही नव्हते. पण मी नमुन्यात नाही, साहेब. मी नांदेडचा आहे.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. सचिवही हसले. कोणीतरी चहा आणला, वाफ चष्म्यावर आली आणि मी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसला, डोळे नव्हे. स्मरणिकेतले अश्रू ते एवढेच. त्यानंतर तासाभराच्या चर्चेने केंद्राचा ठराव मंजूर झाला आणि मी तक्ता खिशात घालून परतीची बस पकडली.

स्मरणिका हाती आल्यावर मी सचिवांना दुरुस्तीचे पत्र पाठवले. उत्तर आले नाही. तेव्हा मी स्वतः लातूरला जाऊन संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो. त्यांची डाळीची मिल आहे. तिथेच, तुरीच्या पोत्यांशेजारी खुर्ची टाकून ते बसले होते. मी सरळ विचारले, “खरे सांगा. त्या दिवशी तुम्ही माझा तक्ता पाहून हात वर केलात, की मला पाहून?”

त्यांनी बाहीवरचा डाळीचा भुसा झटकला. मग म्हणाले, “सर, खोटं कशाला बोलू? तक्ता आमच्यापैकी कुणालाच कळला न्हाई.”

“कोणालाच?”

“सचिवाला कळला असंल थोडका. मला न्हाई. पर ह्यो मानूस आपलीच सही मोडून बोलून राहिलाय, म्हंजे खोटं बोलत नसंल, एवढं कळलं. म्हून हात वर केला.”

मला तिथून उठून जावेसे वाटले. डोळ्यांत पाणी आले म्हणून दया दाखवली, असे ते म्हणाले असते तर भांडता आले असते. हे त्याहून अवघड होते. मी इतक्या दारांत उभा राहिलो, उत्तरे गोळा केली, आणि ती कोणी वाचलीच नव्हती. म्हातारी माणसे माझ्याजवळ खरे बोलली होती; ते खरे कागदावर होते, आणि सभागृहातल्या एकापर्यंतही ते पोहोचले नव्हते. तक्ता कळला नाही, हा वाचणाऱ्याचा दोष नसतो, करणाऱ्याचा असतो. हेही मी वर्गात शिकवत असे.

मी उठलो नाही. पिशवीतून तक्ता काढला, त्यांच्या समोरच्या पोत्यावर पसरला आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. अध्यक्षांनी चष्मा लावला. पाण्याचा दिवस आणि कोरडा दिवस यांतला फरक सांगून होईपर्यंत ते तक्त्यावर वाकून राहिले. मग पोत्यात खुपसून माल काढायची पोकळ सळई त्यांनी उचलली.

“म्हंजे पैल्या बारीला तुम्ही पोत्याच्या तोंडचा माल बघितला. तळाला सळई गेलीच न्हाई.”

“हाव,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने ते इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

“आन् हे जेवनाचं इचारायचं तुम्हाला सुचलं कसं?”

“अनुभवाने,” मी उत्तर दिले. त्यांनी अधिक विचारले नाही. पण मी सत्य लिहायला बसलो आहे, तेव्हा सचिवांचे जेवढे बरोबर होते तेवढे त्यांना द्यायला हवे. तो प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात मिळाला नव्हता. मी तो माझ्याच स्वयंपाकघरातून नेला होता. उत्तरे मात्र त्या माणसांची होती, एकेक करून मोजलेली, आणि त्यांत मी कुठेही नव्हतो.

अध्यक्षांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. “हे एवढं परत सांगा.”

मी परत सांगितले.