धुरपतामावशीनं घेतलेलं नाव

विहिरीवरची मोटार चोरणाऱ्याला तीन वर्षं आणि भर दुपारी माणसाला कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठेचणाऱ्याला दोन वर्षं, हा न्याय तुम्हाला पटतो का? प्रश्न माझा नाही, धुरपतामावशीचा आहे. ती तो कुणालाही विचारायची. एस.टी.च्या कंडक्टरला, तलाठ्याला, लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. महिन्याभरापूर्वी परभणीच्या स्टँडवर मी गंगाखेडच्या गाडीची वाट पाहत होतो. तेवढ्यात मावशीच्या शेजारच्या कौसाबाईचा माणिक गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. चप्पल नव्हती पायात. "मावशीनं आज आवाज दिला न्हाई," एवढंच म्हणाला. गंगाखेडची गाडी माझ्यासमोरून निघून गेली... पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. ताडकळसच्या बाजाराला पायी जाता येईल, एवढ्या अंतरावर तिचं गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात अशी गावं एक-दोन नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं वळणदार की ज्यांच्या दारात आम्हाला चहा वेगळ्या कपातून मिळायचा, त्यांच्याही दुकानावर त्याचंच अक्षर असायचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं वस्तीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं, 'नामांतर झालंच पाहिजे'. त्या भिंतीची एक बाजू विश्वंभरच्या वाड्याकडे होती. तो गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराचा धाकटा मुलगा. त्याचं आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या आडनावाची माणसं माझ्याबरोबर नामांतराच्या मोर्च्यात लाठ्या खाऊन आली आहेत. खून आडनावानं केला नव्हता, विश्वंभरनं केला होता.

विश्वंभर आणि त्याच्यामागे गावातला जमाव, ते दुपारी आले. वस्तीतली बहुतेक माणसं निंदणीला रानात गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. आधी पाचटाची छपरं पेटली. मग रॉकेलचा डबा फिरला आणि धान्याच्या कणग्या पेटल्या. दावणीला बांधलेली शेळी दोर तुटेना म्हणून जागच्या जागी ओरडत जळाली. मिलिंदला घरातून केसांना धरून बाहेर ओढलं. हात मागे धरले आणि विश्वंभरनं कुऱ्हाड उलटी करून तुंब्यानं आधी उजवा हात फोडला. "ल्ही आता!" म्हणाला. मग डोकं. मावशी लेकराच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा तिचा दंडही मोडला. तो पुढे वाकडाच जुळला. ती सांगायची, मेंदू फुटल्यावर माणूस लगेच मरत नाही, पाय बराच वेळ हलत राहतात... सांगताना तिचा आवाज बदलायचा नाही. ऐकणारेच खाली बघायचे.

खटला उभा राहायला वर्षं गेली. गावातले साक्षीदार फितूर झाले. ते अपेक्षितच होतं. पण घात झाला तो आमच्याच तोंडांमुळे. वस्तीत जुनी रीत होती. ज्यांच्या शेतावर राबायचं, त्यांचं नाव तोंडात घ्यायचं नाही. थोरले मालक, मधले मालक, धाकले मालक. नाव घेतलं तर कणगीत बरकत राहत नाही, असं सासू सुनेला पहिल्याच आठवड्यात शिकवायची. धर्म बदलला, देव्हारे नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, पण ही रीत जिभेवर बसून राहिली. जमादारानं विचारलं तेव्हाही त्या दुपारी वस्तीत असलेल्या एकूण एक माणसानं सांगितलं, "धाकल्या मालकानं मारलं." कोर्टात मावशी पिंजऱ्यात उभी राहिली. वकिलानं अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, धाकले मालक म्हणजे नेमके कोण? तुमच्या गावात तर घरटी एक धाकले मालक आहेत."

मावशीनं विश्वंभरकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी मागच्या बाकावरून बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "साहेब, आमचे तर समदेच मालक."

कोर्ट हसलं. वकील हसला, कारकून हसला, पंख्याखाली पेंगणारा शिपाई जागा होऊन हसला. त्या हसण्यात खुनाचा आरोप वाहून गेला. ओळख पटली नाही, असं निकालात आलं. जमावात सामील होऊन दंगल केली, एवढंच शिल्लक राहिलं. दोन वर्षं. त्याच सुमारास आमच्याच वस्तीतला एक जण विहिरीवरची पाण्याची मोटार चोरताना सापडला होता. त्याला तीन वर्षं. त्याला ओळखायला मात्र गाव रांग लावून उभं राहिलं.

मग जिल्हाभर चर्चा. हॉटेलात, पेपरात, वकिलांच्या बाररूममध्ये. "दंगलीत कुणाचा फटका कुणाला बसला, कसं कळणार?" "तरणी पोरं आहेत, उभं आयुष्य बरबाद होईल." मिलिंदही तरणाच होता, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. आम्हीही गप्प नव्हतो. मी पत्रक लिहिलं: 'मोटारीला तीन, माणसाला दोन! खुन्याला फाशी द्या!' गंगाखेडला सभा झाली. एकामागून एक वक्ते उठले. जातीयवादी शक्ती, प्रस्थापित, सरंजामी मानसिकता... टाळ्या पडत होत्या. शेवटी मावशीला उभं केलं. माईकची उंची कमी करायला कुणी धावलं नाही, तर तिनंच दांडा हातानं खाली ओढला.

"फाशी द्या म्हनायलेत. द्या की. म्या नगं म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पर लेकरांनो, इतके जन बोललात, त्येचं नाव घेतलं का कुनी? सरंजाम कोन हाय? माझ्या घरी तर इश्वंभर आलता."

तिचा श्वास माईकमध्ये ऐकू येत होता. मग तिनं वाकडा हात दुसऱ्या हातानं उचलून धरला आणि ओरडली, "इश्वंभर! इश्वंभरनं मारलं माझ्या मिलिंदाला!" तिची जीभ मोकळी झाली ती तिथे.

वरच्या कोर्टात सरकारनं अपील करावं म्हणून आम्ही अर्ज केले, मोर्चे काढले. अजूनही करतोच आहोत. अपील झालं नाही. विश्वंभर सुटून आला, तेव्हा वेशीपासून हलगी लावून, गुलाल उधळत त्याला आणलं. मावशी वाटेत आडवी उभी राहिली. "इश्वंभऱ्या, माझं लेकरू कुठंय?" त्यानं पायातला बूट काढून तिच्या तोंडावर मारला. दात पडले. हलगी थांबली नाही. तिनं रक्त थुंकलं आणि पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मात्र हलगी वाजवणाऱ्याचा हात चुकला, असं माणिक सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. जळालेल्या जुन्या घराचं जोतं तेवढं उरलं होतं. नवी टिनाची खोली तिनं मागे बांधली, जोत्याला हात लावू दिला नाही. सकाळी बाया पाण्याला निघायच्या वेळेला ती जोत्यावर बसायची आणि वाड्याच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "इश्वंभर! तू मिलिंदाला मारलंस." एकदाच. मग उठून कामाला लागायची. गिरणीवाल्यानं तिचं दळण बंद केलं, तिनं जातं बाहेर काढलं. तिच्या खोलीवर दगड पडले. वस्तीतल्या बाया रडकुंडीला आल्या. "गप ऱ्हा ग बाई, परत पेटवतील आमाला," असं म्हणत. त्यांची भीती खोटी नव्हती. फक्त कौसाबाई चिडवायची, "काय ग म्हातारे, जल्मात कदी नवऱ्याचं नाव घेतलं न्हाईस, आन् त्या मेल्याचं रोज घेतीस?" मावशी पडलेल्या दातांच्या फटीतून हसायची. "नवरा चांगला व्हता, त्येचं झाकून ठिवलं. ह्येचं उघडं पाडायचं हाय."

विश्वंभरनं अखेर वाड्याचं पुढचं दार विटांनी बुजवून टाकलं आणि मागून, उकिरड्याच्या बाजूनं नवं दार पाडलं. आमचे काही मित्र म्हणाले, बघ, हीच त्याची खरी शिक्षा. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच नाही. दार बुजवणं ही शिक्षा नव्हे. मिलिंद मातीत आहे आणि तो मागच्या दारानं का होईना, रोज जेवायला घरी जातो. मावशीनंही कधी त्याला शिक्षा म्हटलं नाही. मी एकदा विचारलं, "मावशी, हे किती दिवस?" ज्वारी वैरत ती म्हणाली, "कोर्टानं इचारलं तवा माझ्या तोंडातून निघालं न्हाई. आता कोर्ट परत इचारंस्तोवर तोंडात ठिवायचं. इसरलं तर?"

तापानं चार-दोन दिवस अंथरूण धरलं होतं म्हणे, तरी कौसाबाईच्या आधारानं रोज जोत्यावर जायची. शेवटच्या सकाळीही कौसाबाईला म्हणाली, मला जोत्यावर नेऊन बसव. उठवेपर्यंत गेली. मातीला आम्ही सगळे होतो. पण सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं. सकाळी मी जोत्यावर बसलो होतो. दगड अजून एका जागी काळे आहेत, आणि मधोमध, जिथं ती बसायची तिथं, घासून गुळगुळीत झालेत. समोर वाड्यावर ठोके पडत होते. मान वर केली. विश्वंभर दोन गडी लावून पुढचं दार मोकळं करत होता. एकेक वीट निघून खाली पडत होती. भगदाडातून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि काही झालंच नाही अशा थाटात हात झटकले. मी उभा राहिलो आणि मावशीसारखंच मोठ्यानं नाव घेतलं. ठोके थांबले. पण मी परभणीत राहतो. कौसाबाई म्हणाली ते खरं आहे, "तू आठ दिसांनी येशील, त्यो तर रोज बाहीर निघंल."

म्हणून हे लिहिलं. त्या दुपारी जे तिथं होते, वस्तीतले आणि गावातलेही, त्यांनी आपला जबाब पुन्हा द्यावा आणि या वेळी 'मालक' न म्हणता नाव घ्यावं. आणि बाकीच्यांनो, ताडकळसच्या बाजाराला आलात तर थोडी वाट वाकडी करा. वस्तीच्या तोंडाशी निळं अक्षर अर्धंमुर्धं उरलेली भिंत आहे, तिच्यामागे जोतं आहे. घासलेल्या दगडावर बसा. समोरच्या दाराकडे तोंड करा. आणि ते नाव एकदा, मोठ्यानं, घ्या.