थेट की विनाथांबा

ऊर्मिला हसबनीसचं एका जर्मनाशी जमलंय, ही बातमी ड्रेस्डेनच्या मराठी मंडळींत मीच सोडली होती. पुरावाही होता. दर गुरुवारी दुपारी ती विद्यापीठाजवळच्या कॅफेत एका पांढऱ्या दाढीवाल्यासमोर बसलेली दिसायची. तो बोलत असला की ही मान खाली घालून ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, हो, अगदी’ करायची. मिरजेची पोरगी कुणापुढे मान खाली घालते, म्हणजे प्रकरण गंभीर! पुढे कळलं की तो तिचा डॉक्टरफाटर. पीएचडीच्या मार्गदर्शकाला इथे असं म्हणतात, शब्दशः डॉक्टरबाप. मी बातमी मागे घेतली, पण सावकाश. चांगली बातमी एकदम मारू नये.

ऊर्मिला तेव्हा एकोणतीसची. वाहतूकशास्त्रात डॉक्टरेट करत होती आणि रविवारी जेवायला आमच्याकडे यायची. विषय काय, तर पॅसिफिक महासागर न थांबता ओलांडणारी विमानं कंपन्यांना परवडतात का. आशियातून निघायचं ते सोळा-सतरा तासांनी अमेरिकेतच उतरायचं. एक कंपनी असं विमान सोडते, दुसरी मध्ये टोकियोला थांबून स्वस्तात नेते. मग प्रवासी कुणाकडे जाणार?

“अगं, इथे आपली एल्बे नदी, तीही उन्हाळ्यात गुडघाभर,” आमच्या सौभाग्यवती शोभनाबाई म्हणाल्या, “आणि तू महासागर घेऊन बसलीस?”

“आल्झो काकू, माझा महासागर कागदावरच आहे.” आल्झो म्हणजे जर्मनांचं ‘तर’.

कागद मात्र होते बरं का. चारशे बारा फॉर्म! हेर्त्सोगेनआउराखच्या खेळाच्या बुटांच्या कंपन्यांतले खरेदीवाले, झिंडेलफिंगेनच्या मोटारीच्या कारखान्यातले इंजिनिअर, असे कामासाठी आशियातून परस्पर अमेरिकेला जाणारे लोक तिनं दोन वर्षं हिंडून गाठले होते. त्यातून तिनं सिद्ध केलं होतं की न थांबणाऱ्या विमानासाठी लोक भरपूर जास्त भाडं देतात, म्हणून तेल कितीही महागलं तरी ही विमानं टिकणार. डॉक्टरफाटर खूश होता. जून २००८ मधल्या शेवटच्या शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. सप्टेंबरअखेर तिची विद्यापीठातली नोकरी संपत होती आणि नोकरीबरोबर व्हिसाही. एवढ्यात डॉक्टर झाली तर ठीक, नाहीतर बॅग भरायची, असा मामला होता.

त्याच जूनमध्ये तिचे वडील आले. राजाभाऊ हसबनीस, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, मिरज स्टँड, एकतीस वर्षं. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हा गृहस्थ सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या ट्रामथांब्यावर उभा राहायचा आणि घरी येऊन सांगायचा, “तुमची अकरा नंबर आज दोन मिनिटं लेट.” जर्मन ट्रामला लेट म्हणणारा मराठी माणूस मी प्रथमच पाहिला. मला तो तत्क्षणी आवडला.

प्रबंध द्यायच्या आधीच्या रविवारी जेवणं झाली. ऊर्मिलानं फॉर्मांचं खोकं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. सगळे क्रमाने लावून फाइल करायचे होते. राजाभाऊंना रिकामं बसवेना.

“आण इकडे. मी लावतो.”

“बाबा, जर्मनमध्ये आहेत.”

“गावांची नावं तर वाचता येतात? मी मार्गाप्रमाणे लावतो.”

तासाभरानं पाहतो तर टेबलावर दोनच गठ्ठे. राजाभाऊ लाल पेन हातात धरून बसलेले.

“ऊर्मे, ह्या चौकोनात काय लिहिलंय?”

“डिरेक्टफ्लूग. थेट विमान.”

“थेट म्हणजे?”

“न थांबणारं हो. विषयच तो आहे ना!”

राजाभाऊंनी एक फॉर्म पुढे सरकवला. “मग हा गडी बघ. थेटवर खूण केलीय आणि खाली मार्ग लिहिलाय सिंगापूर-टोकियो-लॉस एंजेलिस. टोकियोला थांबला की हा! हा दुसरा तैपेईहून निघाला, तोही टोकियोला थांबला. हा सगळा गठ्ठा थांबलेल्यांचा. एकशे सदुसष्ट आहेत.”

ऊर्मिलानं गठ्ठ्यातले पाच-सहा फॉर्म भराभर उलटले. शोभनानं धुतलेलं ताट तसंच हातात धरलं.

“अगं, थेट म्हणजे विनाथांबा नव्हे,” राजाभाऊ हळूच म्हणाले. “मिरज-पुणे थेट गाडी कराडला थांबते, साताऱ्याला थांबते. थेट म्हणजे गाडी बदलायची नाही, एवढंच. न थांबणारीला आम्ही वेगळी पाटी लावायचो. विनाथांबा. पाटी चुकली तर पब्लिक माझी गचांडी धरायचं.”

तर गंमत अशी, की जर्मनमध्येही अगदी तसंच आहे. विमानवाल्यांच्या भाषेत डिरेक्टफ्लूग वाटेत उतरू शकतं, फक्त तुम्ही विमान बदलत नाही. न थांबणारं ते नॉनस्टॉप. घरगुती बोलण्यात जर्मन लोकही दोन्ही एकच समजतात, म्हणून डॉक्टरबापाच्या नजरेतूनही ते सुटलं होतं. हिनं मनात मराठी ‘थेट’ धरला, कागदावर जर्मन ‘डिरेक्ट’ लिहिला, आणि चारशे बारा माणसांनी आपापल्या समजुतीनं उत्तरं दिली.

“बाबा, ही एसटी नाही!” ऊर्मिलाचा आवाज चढला. “शुक्रवारी द्यायचंय मला! कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.”

“माझ्या आलं.”

“तुम्ही कशाला लावलेत गठ्ठे?”

यावर राजाभाऊंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, “एकतीस वर्षं खिडकीत बसलो. गाडी किती ठिकाणी थांबते असं विचारणारे थोडे. बाकी सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘साहेब, कुठं बदलायला लागत नाही न्हवं?’ माणूस थांब्याला भीत नाही पोरी, बदलीला भितो.”

“ती खेड्यातली माणसं, बाबा. हे विमानानं जाणारे आहेत.”

“मीपण विमानानंच आलो.” राजाभाऊ आता माझ्याकडे बघून बोलत होते, लेकीकडे नाही. “फ्रांकफुर्टला पाच तास होते मधे. बदलायचं होतं. मी बोर्डिंग पास हातात धरून त्या दाराच्या समोर बसलो, उठलोच नाही. लघवीलासुद्धा नाही. म्हटलं, उठलो आणि दार बदललं तर?”

ते तिकीट ऊर्मिलानंच काढलं होतं. शोभनानं न विचारता चहा टाकला.

कप खाली ठेवून ऊर्मिलानं तो थांबलेल्यांचा गठ्ठा आपल्याकडे ओढला. “काका, उद्या सोमवार ना? मी जाऊन सांगते त्याला.”

“गुरुवारी कॅफेत भेटशीलच की,” मी म्हटलं.

“गुरुवारपर्यंत माझी हिंमत राहायची नाही.”

सोमवारी दुपारी ती परस्पर आमच्याकडेच आली. डॉक्टरफाटरनं चष्मा काढला, म्हणे, बराच वेळ पुसला आणि म्हणाला, “हे मीही वाचलं होतं, आणि मलाही दिसलं नाही.” मग दोनच शब्द, “नॉख आइनमाल.” म्हणजे पुन्हा एकदा. चारशे बारांना पुन्हा विचारायचं. नोकरीची मुदत तीन महिन्यांनी वाढवून मागतो म्हणाला, हमी मात्र दिली नाही.

तो उन्हाळा तिनं फोनवर काढला. जुलैत तेल पिंपाला एकशे चाळीस डॉलरच्या वर गेलं. सतरा तास उडायचं तर विमानाला सुरुवातीचे कित्येक तास पुढचं इंधनच वाहावं लागतं आणि ते वाहायलाही इंधन जळतं, हे तिनं समजावलं तेव्हा राजाभाऊ म्हणाले, “म्हणजे हमालानं स्वतःच्याच भाकऱ्या डोक्यावर घेऊन जायचं. मग माल कधी वाहणार?” हे वाक्य प्रबंधात घालायचा तिनं प्रयत्न केला. जर्मनमध्ये भाकरीचा पाव झाला आणि मजा गेली.

तीनशेच्या आसपास लोक पुन्हा बोलले. उत्तर निघालं ते पहिल्याच्या जवळजवळ उलटं. विमान बदलावं लागू नये म्हणून लोक बरंच जास्त देत होते; पण त्याच विमानातून मध्ये तासभर पाय मोकळे करायला बहुतेकांची ना नव्हती. दर महिन्या-दोन महिन्यांनी जाणारे बडे साहेब तेवढे तासांचा हिशेब करत. म्हणजे विनाथांबा विमान टिकेल ते असे साहेब भरपूर असतील त्याच दोन-चार शहरांमध्ये. बाकी ठिकाणी टोकियोला थांबणारं भाव खाऊन जाईल. पहिला निष्कर्ष दणक्यात होता, हा जरा बेतास बात. पण खरा होता.

राजाभाऊ ऑगस्टमध्ये परत गेले. ऊर्मिला त्यांच्याबरोबर ड्रेस्डेनहून फ्रांकफुर्टपर्यंत रेल्वेनं गेली. रेल्वे थेट, पुढे मुंबईचं विमान विनाथांबा. मधे कुठेही विमान बदलणं नाही. ती कामाचा एक दिवस वाया घालवतेय, असं आमच्यातल्या एका शहाण्यानं म्हटलं. त्याचं स्वतःचं लग्न कुठे जमलं-फिसकटलं ते मी मग सगळ्यांना सांगितलं, म्हणजे फिट्टंफाट.

नोकरीची मुदत वाढली, पण दोनच महिने. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नोकरी संपायला तीन दिवस असताना, ती परीक्षकांसमोर उभी राहिली. बाहेरून आलेल्या परीक्षकानं पहिलाच प्रश्न टाकला, प्रश्नावली दोनदा का भरून घेतली? तिनं सांगून टाकलं, पहिल्या वेळी माझी पाटी चुकली होती. डॉक्टरबाप दाढीतल्या दाढीत हसला. अर्ध्या तासानं तिला डॉक्टर म्हटलं गेलं. श्रेणी पहिली नव्हे, दुसरी.

इथली पद्धत अशी, की नव्या डॉक्टरला सहकारी पुठ्ठ्याची टोपी करून घालतात आणि तिच्यावर त्याच्या कामातल्या वस्तू चिकटवतात. पोरांनी विमान केलं, निळा महासागर केला. लाल एसटी मी केली. जन्म छपाईत काढलेला माणूस मी, पाटीही झोकात रंगवली: मिरज-ड्रेस्डेन, विनाथांबा. टोपी घातलेल्या ऊर्मिलाचा फोटो मिरजेला गेला आणि मी शाबासकीची वाट बघत फोनजवळ बसलो.

फोन आला. “फोटो झकास,” राजाभाऊ म्हणाले. आवाज जरा ओला होता, पण मी चिडवायच्या आत त्यांनी घसा खाकरला. “पाटी मात्र चुकलीय तुमची.”

“आता काय झालं?”

“मिरज-ड्रेस्डेन विनाथांबा? एवढं डिझेल कुणाचा बाप देणार?”

“कुठला बाप? तुम्ही की दाढीवाला?”

“दोघंही देणार नाहीत. मधे चहाला थांबू दे की माणसांना. खोडा ते. थेट लिहा, थेट.”

मी ब्रश काढला.