टाकी भरली की थांबणारी गाडी

८ फेब्रुवारी १९३६, शनिवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. आग्रा रोडवर विल्होळीच्या अलीकडे आमची गाडी दोन आचके देऊन थांबली. मागच्या आसनावर बसलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिशातले घड्याळ काढून पाहिले, ते परत ठेवले आणि ड्रायव्हरला अगदी शांतपणे सांगितले, "हा महिना पुरा कर. पुढचं दुसरीकडे बघ."

अण्णा डॉक्टर होते. दर शनिवारी घोटीला भाताच्या एका वखारीच्या ओसरीवर ते रोगी तपासत. डोंगरातली माणसे पहाटेपासून चालत येऊन तिथे त्यांची वाट पाहत बसत, आणि गाडीच्या लहरीमुळे त्यांना तिष्ठत बसावे लागे, हे अण्णांना सहन होत नसे. ड्रायव्हर त्याच बाजूचा, पन्नाशीला आलेला माणूस. तो "जी" म्हणाला आणि खाली उतरला. मागे जाऊन त्याने टाकीचे झाकण उघडले, लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल पाहिले, झाकण लावले आणि पुढे येऊन हँडल फिरवले. गाडी लगेच सुरू झाली. दर वेळी असेच होई. काही बिघडले होते याची खूणसुद्धा मागे राहत नसे.

गाडी मागच्या दसऱ्याला आमच्याकडे आली होती. एका संस्थानिकाकडून घेतलेली, विलायती, सहा सिलिंडरांची. आत तपकिरी कातडे, खिडक्यांना रेशमी पडदे आणि फुले ठेवायला एक नाजूक काचेची नळी. आमच्या नाशकात तिच्यासारखी दुसरी नव्हती आणि तिची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींच्या मते नसलेलीच बरी. जुन्या नाशकातल्या या मिस्त्रींनी चार महिन्यांत तिचा कार्बोरेटर तीनदा उकलला होता, ठिणगीची कॉइल बदलली होती, पंप आधी मुंबईहून आणि मग बोटीने थेट विलायतेहून मागवला होता. त्यांच्या कारखान्यात इंजिन सकाळपासून दुपारपर्यंत न अडखळता चाले. रस्त्यावर आले की पुन्हा तेच.

"डॉक्टरसाहेब, ही मोटार नाही, नवाबाची बेगम आहे," मिस्त्री म्हणत. "हकीम बदलला की दोन दिवस बरी."

"बेगमेच्या पोटात माझं एक घर गेलं," अण्णा म्हणत.

ड्रायव्हरवरचा अण्णांचा संशय तर्काला धरून होता, आणि तेच त्यातले वाईट होते. गावातल्या फेऱ्यांत टाकी अर्धीमुर्धी असे, तेव्हा गाडी कधी थांबत नसे. घोटीला निघण्याआधी ड्रायव्हर टाकी काठोकाठ भरून आणी आणि नेमकी त्याच दिवशी ती थांबे. म्हणजे नवे पेट्रोल वाईट. म्हणजे त्यात रॉकेल. आणि पेट्रोल आणणारा माणूस एकच. चांगल्या पेट्रोलचे डबे हा परस्पर विकतो, असे अण्णांनी मनाशी ठरवले होते.

मी आदल्या वर्षी पुण्याहून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि जूनमध्ये पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला जाणार होते. माझ्या शिक्षणाचे श्रेय लोक कॉलेजला देत. पण माझी पहिली प्रयोगशाळा आमच्या आधीच्या लहान गाडीच्या पोटाखाली होती. बारा वर्षांची असताना मी या ड्रायव्हरला विचारले होते, क्लच म्हणजे काय. पोरीला काय करायचे आहे, असे तो म्हणाला नाही. त्याने पायाखालची फळी काढली आणि म्हणाला, "ताई, हात घालून बघा, पण बोटं सांभाळा." पुढे त्याने मला गाडी चालवायला शिकवले आणि स्वतःच अण्णांपुढे जाऊन उभा राहिला: "म्या शिकवलं साहेब, रागवायचं तर मला रागवा." असा माणूस चोर ठरून आमच्या दारातून जाणार होता, आणि मी कारण शोधू शकले नसते तर नऊ वर्षांचे शिक्षण मला फुकट वाटले असते.

त्याच संध्याकाळी मी टिपकागदाच्या दोन तुकड्यांवर थेंब टाकले: एकावर आमच्या टाकीतल्या पेट्रोलचा, दुसऱ्यावर मुद्दाम रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा. पहिला थेंब उडून गेला. दुसऱ्याने तेलकट वलय मागे ठेवले. अण्णांनी दोन्ही कागद दिव्यासमोर धरून पाहिले.

"पेट्रोल शुद्ध आहे, मान्य. मग गाडी का थांबते?"

"ते अजून माहीत नाही."

"मग हा कागद त्याचा वकील झाला, गाडीचा डॉक्टर नाही. तुला कारण सापडलं तर सांग. महिना संपायला वेळ आहे."

अण्णांच्या या वाक्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला गप्प बसवले नाही. पुराव्याचा दर्जा ठरवून दिला.

टाकी भरली की नवे पेट्रोल येते, हे खरे. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट बदलते, जिच्याकडे कोणीच पाहत नव्हते. टाकीतली हवा कमी होते. पेट्रोल खर्च होत जाईल तशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यायला हवी. ती येत नसेल, तर आत अडकलेल्या हवेलाच पसरावे लागते आणि तिचा दाब उतरतो. भरल्या टाकीत हवा मूठभर. ती थोड्याच मैलांत विरळ होईल आणि पंपाला पेट्रोल ओढवेनासे होईल. अर्ध्या टाकीत हवा भरपूर. तिच्यावर गावातल्या फेऱ्या सहज निभतील. माझा तर्क खरा असेल, तर ड्रायव्हरला दोषी ठरवणारी खूण हीच त्याच्या निर्दोषपणाची खूण होती.

सोमवारी अण्णांकडून गाडी मागून घेतली. टाकी काठोकाठ भरली. पांडवलेणी मागे पडली आणि सहाव्या मैलाच्या आसपास गाडी थांबली. ड्रायव्हर सवयीने मागे निघाला.

"थांबा," मी म्हणाले. "झाकण उघडू नका. तसंच हँडल मारा."

"पेट्रोल बघाया नको?"

"नको."

त्याने हँडल मारले. काही नाही. दम घेऊन पुन्हा मारले. काही नाही. शेजारून बैलगाडी चालली होती. गाडीवान आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "का हो ड्रायव्हरसाहेब, आमचा खोंड जुंपू का पुढं?"

"जुंप की. पर त्याला विलायती पेंड लागंल," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला.

गाडीवान हसत पुढे गेला. मी टाकीशी कान नेला आणि ड्रायव्हरला झाकण उघडायला सांगितले. आतून लांब, कोरडा सुस्कारा आला. बाहेर सुटणाऱ्या हवेचा नव्हे, आत शिरणाऱ्या. झाकण लावून हँडल फिरवताच इंजिन चालू झाले.

"ऐकलंत?"

"दर खेपेला करती ती असं. मला वाटलं, पेट्रोलची वाफ निघतीय."

आता सगळे जुळले. गाडी थांबली की तो पेट्रोल पाहायला झाकण उघडे, हवा आत जाई आणि रोग बरा होई. तपासणी हाच उपचार होता. मी झाकण हातात घेतले. त्यावर कुंकवाचा बोटभर रुंद टिळा होता, हळद, तूप आणि आग्रा रोडची धूळ यांनी थरावर थर चढून खपली झालेला.

"आईसाहेब दर शुक्रवारी लावत्यात," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "त्याला हात कसा लावू ताई?"

परतताना मिस्त्रींना झाकण दाखवले. "भोक असतंच ना झाकणाला, हवेसाठी," ते म्हणाले. "पण कारखान्यात मी बॉनेटवर डबा टांगून त्यातूनच पेट्रोल द्यायचो, टाकी कधी तपासलीच नाही. आणि गाडी तीन वेळा धुतली, पूजेची जागा सोडून. दुसऱ्याच्या पूजेला हात लावायचा नाही, असं आमच्या अम्मीनं शिकवलंय."

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला हे कसे सांगावे याचा मी वाटभर विचार केला होता.

"ते गाडीचं तोंड ना?" ती म्हणाली. "घास तिथूनच जातो. मग पूजा दुसरीकडे कशी करायची?"

"तोंड आहे, आणि नाकही तिथेच आहे. ते बुजलंय."

तिने हात धुतले, बाहेर आली, अंबाड्यातला आकडा काढला आणि गरम पाण्याने खपली भिजवून ते बारीक भोक स्वतः मोकळे केले. उजेडाकडे धरून त्यातून आरपार पाहिले. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, "चार महिने माझ्यापायी बोलणी खाल्लीस होय? माझा मान राखायचा होता, तर मला विचारायचं होतंस." आणि मला म्हणाली, "आता कुंकू कुठे लावू, तेही सांग, शास्त्रीणबाई."

मी सुट्या चाकाचे टोपण सुचवले. तिला ते पटले. चाक हे तोंड नसले तरी गाडीचा पाय तर आहे, असे ती म्हणाली.

अण्णांना मात्र एवढ्याने चालणार नव्हते, आणि ते बरोबर होते. गाडी एकदा थांबली नाही, याने काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या शनिवारी टाकी भरून आणल्यावर मी त्यांच्यादेखत ते भोक मेणाने बंद केले आणि आधीच सांगितले: पाचव्या आणि सातव्या मैलाच्या दरम्यान गाडी थांबेल, मेण काढले की घोटीपर्यंत थांबणार नाही.

"दोन्ही खरं ठरलं पाहिजे," अण्णा म्हणाले.

पांडवलेणी गेली. पाचवा मैल गेला आणि गाडी तशीच धावत राहिली, तेव्हा ड्रायव्हरचे चाकावरचे हात मी पाहत होते, रस्ता नाही. विल्होळीच्या अलीकडे तेच दोन आचके बसले.

अण्णा उतरले. त्या गाडीच्या मागच्या बाजूला ते प्रथमच गेले असावेत. झाकण त्यांनीच उघडले. सुस्कारा मलाही पुढे ऐकू आला. बॅगेतल्या चिमट्याने त्यांनी मेण टोकरून काढले, झाकण घट्ट बसवले आणि हँडलपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरसमोर आले.

"महिन्याचं बोललो होतो, ते मी मागे घेतो. आणि पुढच्या शनिवारपासून पावणेसातला नको, सव्वासातला निघू. थांबण्यासाठी धरलेला वेळ आता लागायचा नाही."

"जी," ड्रायव्हर म्हणाला. हँडलला हात घालत म्हणाला, "आन् पानी प्याया थांबली तर?"

"मग तहान तुला लागलेली असेल. गाडीला नाही."

वाडीवऱ्हे आले आणि गेले. मुंढेगावापाशी अण्णांचा डोळा लागला. घोटीला वखारीच्या ओसरीवर माणसे नेहमीसारखी बसलेली होती. गाडी इतक्या लवकर आलेली पाहून एक म्हातारी घाईने उठून उभी राहिली. इंजिन बंद करण्याआधी ड्रायव्हरने मीटरकडे वाकून, एकेक आकडा सावकाश उच्चारत वाचला. त्यातून विल्होळीला टिपलेला आकडा वजा करून मी लिहिले: न थांबता सोळा पूर्णांक दोन दशांश मैल.